हिलाल मास्तरांचा मुक्काम

धुळ्याच्या मिशन शाळेतले हिलाल मास्तर भूगोल शिकवू लागले की वर्गाला घंटेचे भान राहत नसे. वादळ, फाटलेली शिडे, बंड करणारे खलाशी, सगळे ते असे सांगत की जणू स्वतःच डोलकाठीवरून उतरून आलेत. वास्तविक तापीपेक्षा मोठे पाणी त्यांनी कधी पाहिले नव्हते! रविवारच्या उपासनेतही तेच. देव हाक मारतो आणि माणूस अनोळखी वाटेला लागतो, यालाच पाचारण म्हणतात, असे ते बजावत.

स्वतःचे पाचारण त्यांनी पक्के ठरवले होते. शिरपूरच्या वर, सातपुड्यातल्या ज्या पाड्यावर अजून एकही उपदेशक पोचला नव्हता, तिथे जायचे. पाच वर्षे मिशनच्या साहेबांचे डोके खाल्ल्यावर १९२३च्या उन्हाळ्यात परवानगी मिळाली आणि मास्तर पायीच निघाले.

सोनगीरचा किल्ला मागे पडतो न पडतो तोच घोट्यावर फोड आला. नारू! वर्षापूर्वी कुठल्याशा पायविहिरीचे पाणी प्याले होते, त्यातून पोटात गेलेला हा जंत आता पांढऱ्या दोऱ्यासारखा बाहेर पडत होता. वाटेवरच्या एका खेड्यात भिकुबाई नावाच्या विधवा शेतकरणीने त्यांना ओट्यावर जागा दिली. नारू काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा असतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मास्तरांना सातपुडा दिसत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो जोर लावून ओढला, आणि तो आतच तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला.

"मास्तर, घाई काबर करी?" भिकुबाई पोटीस बांधता बांधता म्हणाली. "त्याले त्याना चालीनं येऊ देवो."

दोन महिने मास्तर ओट्यावर पडून होते. समोरच गावाची पायविहीर. दुखरे पाय घेऊन माणसे पायऱ्या उतरत, पाण्यात उभी राहत आणि तेच पाणी घागरीत भरून नेत. दुखऱ्या पायातून नारूचे बी पाण्यात पडते, पाणी गाळून प्यायले तर पोटात जात नाही, हे मास्तर मिशनच्या दवाखान्यात शिकले होते. त्यांनी सांगून पाहिले. बाटवायला निघालेला माणूस आता आमच्या पाण्याला नावे ठेवतो, असा बोभाटा झाला. गावचे वडीलधारे चिंधाआबा यांनी विहिरीकडे फिरकू नका, अशी ताकीद दिली. एकट्या भिकुबाईने जुन्या लुगड्याची दुहेरी घडी घागरीवर बांधली, तीही मास्तरांची रोजची कटकट थांबावी म्हणून.

अडचण अशी की नारू बाहेर यायला वर्ष लागते, म्हणून आज गाळलेल्या पाण्याचा गुण पुढच्या उन्हाळ्यात दिसणार. तोवर कोणी मागे लागले नाही, तर ते फडके चुलीपुढचे फडके होणार. नेमकी त्याच आठवड्यात साहेबांची चिठ्ठी आली. पाय बरा असेल तर पावसाआधी वर जावे, नाहीतर दुसरा पाठवतो.

दोन दिवस मास्तर ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होते. हिंदुस्थान शोधायला निघालेला कोलंबस भलत्याच किनाऱ्याला लागला आणि मरेपर्यंत त्यालाच हिंदुस्थान म्हणत राहिला, यावर ते वर्गाला पोट धरून हसवत. आता हसू येईना. देवाची हाक खरी, पण तिच्यात गावाचे नाव आपणच घातले असेल तर? शेवटी त्यांनी दुसऱ्याला पाठवा असे लिहिले, आणि भिंतीकडे तोंड करून पोरासारखे रडले.

पंडित नावाचा तरुण उपदेशक बैलगाडीतून वर गेला. मास्तरांना त्याचा मनापासून हेवा वाटला.

पुढच्या उन्हाळ्यात भिकुबाईच्या घरात एकाचाही पाय फुटला नाही. मग शेजारणींनी फडकी बांधली. दोन वर्षांनी चिंधाआबा स्वतः ओट्याशी आले आणि मान खाली घालून म्हणाले, "मास्तर, मना घरनं फडकं बी दखी ल्या." त्यानंतर विहिरीवर रहाट बसला आणि कोणी पाण्यात उतरू नये म्हणून पायऱ्यांवर बोरीच्या काट्या पडल्या. मास्तरांनी त्याच ओट्यावर शाळा भरवली.

मिशनचा छापील कागद दरवर्षी यायचा. किती जणांचा बाप्तिस्मा झाला? मास्तर दरवर्षी खरे तेच लिहीत, एकाचाही नाही. १९३१ साली मात्र त्यांनी खाली दोन ओळी जास्त लिहिल्या, "यंदा गावात एकाही पायाला नारू नाही. हे कोणत्या रकान्यात लिहावे, कळवावे."