न दिलेल्या देणगीचे आभार

पोलिसाच्या नोकरीत मारामाऱ्या, घरफोड्या, खून सगळे पाहिले. पण घाबरलेले घर म्हटले की ऑकलंडच्या सँडरिंगहॅम उपनगरातले ते एकच घर आजही डोळ्यांसमोर उभे राहते. तिथे कोणी कोणावर हात उगारला नव्हता. आवाजसुद्धा चढवला नव्हता.

ख्राइस्टचर्चमध्ये भूकंपानंतरची बांधकामे अजून चालू होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. माझी बहुतेक नोकरी तिथेच झाली. ऑकलंडला बदलून येऊन काही महिनेच झाले होते आणि इथल्या मराठी मंडळींत मला कोणी ओळखत नव्हते.

एका सकाळी खालच्या काउंटरवरून फोन आला, "सार्जंट, एक आजी आल्यात. 'मराठी, मराठी' एवढंच म्हणताहेत." मी खाली गेलो. सुती साडी, वर पुरुषी जाड जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज. वय सत्तरीच्या आसपास. मी मराठीत नमस्कार केला, तेव्हा त्यांनी आधी दाराकडे पाहिले आणि मग माझ्याकडे.

"तक्रार नाही द्यायची मला," त्या म्हणाल्या. "एक विचारायचंय फक्त. आपण न दिलेल्या पैशांबद्दल कोणी आपले आभार मानले, तर आपल्याला शिक्षा होते का?"

मी त्यांना आतल्या खोलीत बसवले, पाणी दिले, ख्राइस्टचर्चहून नुकताच आलोय असे बोलता बोलता सांगितले. हळूहळू उलगडा झाला. दिवाळीच्या कार्यक्रमात नुकताच निवडून आलेला नगरसेवक त्यांच्याजवळ आला, हात जोडले आणि चार लोकांत म्हणाला, "आजी, तुमच्या देणगीबद्दल मनापासून आभार." आजींनी कोणालाच काही दिले नव्हते. घरी आल्यावर मुलाला विचारले, तर तो पांढराफटक पडला. "आई, हा विषय पुन्हा काढू नकोस," एवढेच म्हणाला. त्या दिवसापासून घराचे पडदे उघडत नव्हते. दाराची बेल वाजली की मुलगा आधी खिडकीच्या फटीतून बाहेर पाही.

"त्यानं काही केलंय का हो?" आजींनी विचारले.

त्यांना माहीत नव्हते, पण त्याच निवडणुकीची एक तक्रार आमच्याकडे आधीच येऊन पडली होती. उमेदवाराला मोठी देणगी मिळाली तर देणाऱ्याचे नाव जाहीर करावे लागते. कारण साधे आहे. उद्या त्या माणसाच्या कंत्राटावर मतदान आले, तर लोकांना ठाऊक हवे की मत देणाऱ्याने कोणाचे पैसे घेतले आहेत. आणि नगरसेवकानेही अशा वेळी बैठकीतून उठून जायला हवे. मोठी रक्कम फोडून बऱ्याच लोकांच्या नावांनी दिली, की खरे नाव झाकले जाते. संशय पेनरोज या कारखान्यांच्या भागातल्या एका कंपनीवर होता. रस्ते आणि ड्रेनेजची कामे ती कंपनी करत असे. मालक मराठी, समाजातले वजनदार गृहस्थ. आजींचा मुलगा त्यांच्याकडेच इंजिनिअर होता.

मुलाला आम्ही जबाबासाठी बोलावले. न बोलण्याचा आणि वकील घेण्याचा हक्क समजावून कॅमेरा सुरू केला. तो पुण्यात शिकलेला, पस्तिशीतला, हुशार मुलगा. प्रत्येक प्रश्नाला त्याचे उत्तर आधीच तयार होते.

"देणगी आईनंच दिली. तिला हल्ली विसर पडतो."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवणार आहोत."

खोटे बोलणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. बहुतेक जण माझ्याकडे बघून बोलत, मी विश्वास ठेवतो का ते तपासत. हा टेबलाकडे पाहत होता आणि आईला विसर पडतो म्हणताना तो अडखळला. जाताना दारात थांबून इंग्रजी सोडून मराठीत म्हणाला, "साहेब, माझा व्हिसा त्या कंपनीच्या नावावर आहे. फक्त त्या कंपनीच्या." कॅमेरा तोवर बंद झाला होता.

ज्यांच्या नावांवर देणग्या दाखवल्या होत्या, त्या कंपनीतल्या इतर कामगारांकडेही गेलो. सगळे हसून बोलत, "नो वरीज" म्हणत आणि दार लावून घेत. पंधरवडाभर तपास तसूभर पुढे सरकला नाही.

शेवटी माझ्या वरिष्ठ बाईंनी सुचवले, आजींचा रीतसर जबाब घेऊ, स्वतंत्र दुभाष्या बसवून. मात्र आधी त्यांची तयारी आहे का, ते विचारायला हवे होते. एका दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. साधेच कपडे होते. सहकारी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर गाडीत थांबली. दारात दोन अनोळखी माणसे दिसली असती तर शेजाऱ्यांत चर्चा झाली असती.

आजी एकट्याच होत्या. चहा ठेवला. "मी खरं सांगितलं तर त्याला धराल?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "काकू, त्यानं नाव वापरू दिलं, तो गुन्हाच आहे. पण तो स्वतःहून बोलला, तर खूप फरक पडेल." त्यांनी चहा गाळून कप माझ्यापुढे ठेवला.

तेवढ्यात घरासमोर गाडी थांबली. आजींनी पडद्याच्या फटीतून पाहिले आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. "मालक," त्या पुटपुटल्या. मागच्या दाराने निघावे, असा विचार माझ्या मनात आला; पण बेल वाजली होती आणि आजी दाराकडे निघाल्याही होत्या.

मालक आत आले. हातात मिठाईचा पुडा, चेहऱ्यावर हसू. मला पाहून थबकले.

"हा माझा भाचा," आजी म्हणाल्या. "ख्राइस्टचर्चला होता इतकी वर्षं."

हे खोटे नाते मी सुचवले नव्हते आणि सुचवणारही नव्हतो; पुढे कोर्टात त्यावर प्रश्न येणार, हे मला दिसत होते. मी फक्त नमस्कार केला.

"काय करता?"

"नोकरी."

"सरकारी?"

"हो."

"मग बरंच झालं, तुम्हाला कळेल. जरा समजवा मावशीला." ते सोफ्यावर ऐसपैस बसले. "आई, तुम्हाला हल्ली विसर पडतो ना? पोलिसांनी विचारलं तर तेवढंच सांगायचं. देणगी दिली असेन, आठवत नाही. एका डॉक्टरांशी बोललोय मी, ते सर्टिफिकेट देतील. म्हणजे तुम्हाला पुन्हा कोणी काही विचारणारच नाही."

इतक्या मऊ आवाजात एका धडधाकट बाईला वेडे ठरवलेले मी कधी ऐकले नव्हते.

"आणि नाही सांगितलं तर?" आजींनी विचारले.

"मी काही करणार नाही हो. एक ईमेल जाईल, की याची नोकरी संपली. मग व्हिसा संपतो, घराचे हप्ते राहतात. नातीला शाळेतून काढावं लागेल. कशाला एवढं?" त्यांनी पुडा उघडून आजींपुढे धरला. "घ्या. त्यालाही बोलावलंय मी, येईलच आता. सगळ्यांनी एकच बोललेलं बरं."

मी गोठलो. गेल्याच पंधरवड्यात ज्याचा जबाब मी घेतला होता, तो मुलगा आता दारातून आत येणार होता. त्याने मला "साहेब" म्हटले असते, तर सगळे संपले असते. तपास तर बुडालाच असता. त्यानंतर त्या घराचे काय झाले असते, याचा विचारही करवत नव्हता. आजींनी बर्फी उचलली होती, पण ती त्यांच्या हातातच चुरली होती.

दार उघडले. मुलाने मालकांना पाहिले, मग मला. गाडीची किल्ली त्याच्या मुठीत होती. ती मूठ आवळलेली मला दिसली.

"दादा," तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "कधी आलास?"

"आत्ताच," मी म्हणालो.

मालकांनी त्याला शेजारी बसवले आणि काय बोलायचे ते पुन्हा, सविस्तर सांगितले. पैसे कंपनीतून आले हे कुठेही निघता कामा नये, हेही त्यांनीच सांगितले. मुलाने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "सर, माझ्या आईला काही विसर पडत नाही."

मालक उठले, आजींना वाकून नमस्कार केला आणि निघून गेले. त्यांची गाडी वळेपर्यंत आम्ही तिघेही जागचे हललो नाही. मग आजी मटकन खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. मुलगा म्हणाला, "चला साहेब. कॅमेरा लावा."

गाडीत बसून मी ऐकलेले शब्द न शब्द लिहून काढले. संध्याकाळपर्यंत मुलाचा खरा जबाब झाला. एक जण बोलला हे कळताच बाकीचे कामगार आपणहून येऊ लागले. मालकांवर देणगीच्या गुन्ह्याबरोबरच साक्षीदारांवर दबाव आणल्याचा आरोप लागला, आणि तो आरोप जास्त जड होता. पैशांच्या बाबतीत त्यांचे वकील महिनोन्‌महिने वाद घालू शकले असते. त्या दुपारच्या बोलण्यापुढे त्यांना फार काही बोलता आले नाही. खटला उभा राहायच्या आधीच मालकांनी गुन्हा कबूल केला.

नगरसेवकाने आपल्याला काहीच ठाऊक नव्हते असे सांगितले. ते खोटे होते असे सिद्ध करता आले नाही, म्हणून त्याच्याबद्दल मी इथे अधिक लिहीत नाही. मुलाला लेखी ताकीद मिळाली आणि नोकरी गेली. ख्राइस्टचर्चमध्ये दुसरी मिळेपर्यंत ते कुटुंब अर्धवट भरलेल्या बॅगांमध्येच राहिले.

पैशांचा तपास आहे म्हणजे पैशांच्या मागे जायचे, असे आम्हाला शिकवले होते. या प्रकरणानंतर मी आधी भीतीच्या मागे जाऊ लागलो. कोणत्या घरात पडदे बंद आहेत, कोण नको तितके हसून बोलतो, कोणाचा व्हिसा कोणाच्या हातात आहे, हे आधी पाहू लागलो. सत्तेपर्यंत चोरवाटेने जाणारा पैसा बहुधा अशाच घरातून जातो, जिथे नाही म्हणायची कोणाची छाती होत नाही.

मालकांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली गेली तोवर आजी साताऱ्याला परतल्या होत्या. मीच फोन करून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, माझ्या बायकामुलांची चौकशी केली. मग आवाज खाली आणून विचारले, जणू तो माणूस शेजारच्या खोलीत बसला होता, "तो सुटून आला की माझ्या मुलाला काही करणार नाही ना हो?"

"नाही, काकू," मी म्हणालो.

ते 'नाही' मी कोणत्या पुराव्यावर म्हणालो, हे मला आजही सांगता येणार नाही.