थांबणारे आणि न थांबणारे

आमच्या बेनिसोलेत गावात लग्न जमवताना मुलगा काय करतो हे नंतर विचारतात. आधी विचारतात, कुठल्या बँडातला? जुन्या की नव्या? नवा म्हणजे फार नवा नव्हे. तो जुन्यातून फुटला तेव्हा माझे पणजोबा मुळाक्षरं गिरवत होते. का फुटला याच्या दोन हकिकती आहेत आणि दोन्हींत चूक समोरच्याची आहे.

लेओनोरबाई जुन्या बँडातल्या. पावाच्या भट्टीवाल्या बातालेरांची थोरली. पोरगी पिठाची पोती उचलते म्हणून तिच्या हातात ट्युबा, म्हणजे बँडातलं सगळ्यांत मोठं पितळी वाद्य दिलं, असं बाप सांगायचा. खरं तर त्या वर्षी ते धूड उचलायला दुसरं कुणी तयारच नव्हतं. बाई पुढे शहरात शिकल्या. तिथल्या मोठ्या वाद्यवृंदात जागा मिळत होती, ती सोडून परत आल्या. का, असं विचारलं की म्हणायच्या, "तिथं सगळे वेळेवर यायचे. मला करमेना."

आल्या त्या आल्या, आणि नव्या बँडातल्या क्लॅरिनेटवाल्या चिमोशी लग्न करून बसल्या. लग्नाला दोन्ही बँड आले, चर्चच्या दोन अंगांना उभे राहिले आणि एकाच वेळी दोन वेगळ्या चाली वाजवू लागले. कुणाची हरकत आहे का, असं पाद्रीबाबांनी विचारलं ते कुणाला ऐकूच गेलं नाही. म्हणून लग्न लागलं, असं चिमो अजून सांगतो.

बाईंचा खरा संसार मात्र डोंगरावरच्या बंद पडलेल्या शाळेत. दर उन्हाळ्यात तिथं त्यांचं शिबिर भरतं. पोरं गाद्या घेऊन वर जातात. सकाळी सूर घोटायचे, दुपारी कढईतला भात खरवडून खायचा, मग पाटाच्या पाण्याच्या हौदात उड्या, आणि ऊन कललं की सगळ्यांनी मिळून वाजवायचं. जुन्या बँडातल्या निम्म्या लोकांचे ओठ फुंकून फुंकून तिथंच फुटले आणि तिथंच वाद्यावर नीट बसले. माझेही. आता मी तिथं ट्रॉम्बोन शिकवतो, म्हणजे बाई ओरडतात आणि मी मान डोलावतो.

यंदा शिबिरावरच गदा आली. पोरं कमी. जी होती त्यांत बहुतेक ट्रम्पेटवाले, माझे दोन ट्रॉम्बोन, दोन ढोल आणि एक ट्युबा. असा बँड मिरवणुकीला नाही, लढाईवर नेतात. तिकडे नगरपालिकेने सांगून टाकलं होतं की शिबिर भरलं नाही तर शाळेची इमारत पाहुण्यांच्या निवासाला दिली जाईल. एकदा तिथं परदेशी पाहुणे उताणे पडून ऊन खायला लागले की आमच्या ढोलाला तिथं कोण उभं करणार?

नव्या बँडाकडे क्लॅरिनेट आणि बासरीवाली पोरं ढिगाने होती, शिबिर नव्हतं. एकाकडे घोडा, दुसऱ्याकडे लगाम. तेव्हा बाई उठल्या आणि नव्या बँडाचे अध्यक्ष एलादी यांच्या दुकानात गेल्या. एलादी खिळे विकतात आणि बोलतातही तसेच. ते म्हणाले, पोरं पाठवतो, पण शेवटच्या दिवशी चौकात गावचा पासोदोब्ले वाजला पाहिजे, आणि तो आमच्या पद्धतीनं.

आता हा पासोदोब्ले म्हणजे आमच्या ग्रामदैवताच्या उत्सवाची चाल. गावातलं पोर रडायला शिकतं त्याच्या आसपास ती गुणगुणायलाही शिकतं. तिच्या शेवटच्या, सगळ्यांत गोड भागाआधी जुना बँड दोन ठोके थांबतो. चिडीचूप. नवा बँड थांबत नाही, सरळ त्या भागात शिरतो. जुने म्हणतात, त्या शांततेत देव ऐकतो. नवे म्हणतात, जुन्यांचा एक मास्तर तिथं घाम पुसायला थांबायचा, त्याचा यांनी देव केला. या दोन ठोक्यांपायी गावात सोयरिकी मोडल्यात.

बाई एलादींना हो म्हणाल्या. मग जुन्या बँडाचे अध्यक्ष, औषधवाले बाउतिस्ता यांच्याकडे गेल्या. नव्याची पोरं येणार म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तीच अट घातली, उलट्या बाजूने. चालीत थांबायचं म्हणजे थांबायचं. बाई त्यांनाही हो म्हणाल्या.

घरी चिमोने हे ऐकलं तेव्हा तो ताटं मांडत होता.

"दोघांनाही हो म्हणालीस?"

"म्हणाले."

"मग आता?"

"आता भात वाढ."

शिबिर भरलं. आधी आधी पोरं वेगवेगळ्या टेबलांवर जेवायची. मग हौदात एकत्र झाली, कारण चड्डीवर कोण कुठल्या बँडातलं ते कळत नाही. भांडणं संपली, चिडवाचिडवी सुरू झाली, म्हणजे सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त तो पासोदोब्ले. रोज त्या जागी आलं की ट्रम्पेट गप्प आणि क्लॅरिनेट पुढे. मग ट्रम्पेट मागून घुसायचे आणि खिंडीत दोन गाड्या समोरासमोर आल्यासारखा खोळंबा. बाई छडी आपटून थांबवायच्या.

"बाई, आजीनं सांगितलंय, थांबली नाहीस तर घरी येऊ नकोस," असं ट्रम्पेटवाली नेरेया म्हणायची.

"माझे बाबा पहिल्या रांगेत बसणारेत," क्लॅरिनेटवाला गिल्येम म्हणायचा.

"मग त्यांना मागच्या रांगेत बसव की," बाई म्हणायच्या.

बाईंनी समजावलं, दरडावलं, कढईच्या बुडाची करपलेली खरवड जास्त देऊ केली. कुणी हटेना. मी सुचवलं की ती चाल गाळूच या का. आमच्याकडे भातात कांदा घालणं म्हणजे पाप, ते करणाऱ्याकडे बघावं तसं बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा काही सुचवलं नाही.

शेवटचा दिवस तोंडावर आला तेव्हा एकदा अंगणात तालीम चालू होती. ती जागा आली आणि नेमकी एक गांधीलमाशी बाईंच्या कानाशी. बाई छडीने तिला हाकलत राहिल्या. पोरांना थांबवायला हात मोकळा नव्हता. क्लॅरिनेट सरळ पुढे गेले. ट्रम्पेट दोन ठोके थांबून तीच चाल घेऊन मागून आले. कुणी थांबवत नाही म्हटल्यावर दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या आणि वाजवतच राहिल्या.

मी डोळे मिटून घेतले होते, ते उघडले. चाल स्वतःच्याच मागे धावत होती. गल्लीत थोरल्या बहिणीच्या मागे धाकटी पळावी तशी, तेच वळण, तीच उडी, फक्त जराशी मागून. दोन जागी दोघींची टक्कर झाली, तेवढं कानाला लागलं. बाकी जे ऐकू येत होतं ते आमच्या गावात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. गांधीलमाशी केव्हाच गेली होती. बाईंचा हात अजून वरच होता.

"पुन्हा," बाई म्हणाल्या. "आणि कुणीही कुणाचं ऐकू नका."

असा हुकूम कुठल्या संगीतशिक्षिकेने आजवर दिला नसेल. दुपारी पोरं हौदात असताना बाईंनी टकरीच्या त्या दोन जागांवर ट्युबाला आणि माझ्या ट्रॉम्बोनवाल्या पोरांना नवे सूर लिहून दिले. टक्कर मिटली. एकच अडचण उरली. न थांबणारे शेवटाला आधी पोचत आणि थांबणारे अजून वाटेतच.

बाई क्लॅरिनेटवाल्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. तुम्ही पोचलात की शेवटचा सूर सोडायचा नाही, ट्रम्पेट येईपर्यंत धरून ठेवायचा, असं त्यांनी सांगितलं.

गिल्येमने हिशेब केला. "म्हणजे आम्ही थांबायचं? नव्या बँडानं?"

"दम नसेल तर आत्ताच सांग. ट्रम्पेटवाल्यांना विचारते."

"दम आहे," गिल्येम म्हणाला. प्रश्न मिटला.

शेवटच्या दिवशी चौक भरला. उजवीकडे जुने, डावीकडे नवे, मधे वाट. त्या वाटेवर कुत्रंसुद्धा बसत नाही. बाईंनी काळा पोशाख घातला होता. दोन्हींपैकी एक बाजू जरी उठून गेली असती तरी पुढच्या उन्हाळ्यात शाळेला कुलूप होतं. नगराध्यक्षा पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध होत्या. त्या कुठलंच वाद्य वाजवत नाहीत, म्हणून तर निवडून आल्यात.

पासोदोब्ले सुरू झाला. ती जागा आली. ट्रम्पेट थांबले, बाउतिस्तांच्या चेहऱ्यावर देव उतरला. त्याच क्षणी क्लॅरिनेट पुढे गेले. एलादींनी मांडीवर थाप मारली. मग दुसऱ्याच्याही मनासारखं झालंय हे दोघांनाही कळलं आणि दोघांचेही चेहरे पडले. बाउतिस्ता खुर्चीवरून अर्धे उठले.

तेवढ्यात ट्रम्पेट मागून आले.

बाउतिस्ता तसेच अर्धे उठलेले राहिले. चाल डावीकडून निघाली की उजवीकडून तिला ओ मिळत होती. चौकाच्या भिंतींना ती एवढी मोठी कधी वाटली नव्हती. कमी पोरांचा म्हणून मोडीत निघालेला बँड, आणि दोन गावांचे बँड वाजावेत तसा आवाज. शेवटी क्लॅरिनेट पोचले आणि त्यांनी सूर धरला. गिल्येमचे गाल लाल झाले, मग जांभळे. पण सूर हलला नाही. ट्रम्पेट धावत आले, त्याच सुरावर उतरले आणि ढोल वाजला.

सगळा चौक उभा राहिला. त्या मधल्या वाटेवर माणसं शिरली. बाउतिस्ता एका बाजूने बाईंकडे आले आणि म्हणाले की बघा, थांबले. एलादी दुसऱ्या बाजूने आले आणि म्हणाले की आमचे कुठं थांबले? बाईंनी दोघांनाही हो म्हटलं. या खेपेला दोन्ही हो खरे होते. नगराध्यक्षांनी माइक घेतला आणि सांगितलं की शाळेची किल्ली लेओनोरबाईंकडेच राहील. पाहुण्यांनी ऊन दुसरीकडे खावं.

मग लोकांनी पुन्हा मागितलं. पुन्हा वाजलं तेव्हा कुणी नुसतं ऐकत बसेना. नव्यांचा अर्धा चौक गात पुढे निघाला, जुन्यांचा अर्धा दोन ठोके गिळून मागोमाग. नवे शेवटाला पोचले आणि लांब "आ" लावून जुन्यांची वाट बघू लागले. खिळेवाले एलादी निळे पडले होते, पण श्वास घेईनात. नव्यांच्या बाजूला चिमो डोळे मिटून तोच सूर धरून होता. सगळ्यांत शेवटी पोचले ते बाउतिस्ता. ते मुद्दाम सावकाश गात होते, हे मी बघितलं. एलादींनीही बघितलं, आणि तरी त्यांनी सूर सोडला नाही.