तिसऱ्या कडव्याचं कोरं कार्ड

ठक... ठक-ठक. ठक... ठक-ठक. आमच्या गुरुजींच्या बोटातली लोखंडी अंगठी टेबलावर अशी वाजायची आणि त्या ठेक्यावर चौथीचा अख्खा वर्ग कविता म्हणायचा.

परवा सकाळी पिंपळे सौदागरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून मी चहाच्या कपावर तोच ठेका धरला होता. दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर एक कोरं कार्ड...

आता हे कोरं कार्ड काय, ते सांगायला हवं. मी निवृत्त झालो तेव्हा आमच्या सूनबाईंनी, अश्विनीने, लॅपटॉपवर मला माझी स्वतःची विकी करून दिली. म्हणजे वहीच, पण पानापानांत दारं असलेली... ‘गुरुजी’ या शब्दावर क्लिक केलं की गुरुजींचं पान, तिथून शाळेतल्या कवितांचं, आणि मनात आलं तर थेट भोसरीतल्या आमच्या कारखान्याच्या टूलरूमचं.

सहा वर्षं मी त्यात लिहीत होतो. लिहून झालं की वाटायचं, चला, आता हे कुठे जात नाही. लॅपटॉपमधून जात नव्हतंच... डोक्यातून जात होतं.

हे कळलं शाळेतल्या जुन्या मित्रांच्या मेळाव्यात. सगळ्यांनी मला कुंभाराची कविता म्हणायला लावली, ती माझी हुकमी कविता. पहिलं कडवं मातीचं, दुसरं चाकाचं... आणि पुढे नुसतं पांढरं. बाजाराचं चौथं आलं, पण तिसरं काही केल्या येईना. बाकीच्यांनाही आठवेना.

घरी येऊन विकी उघडली, तर तिथेही तीनच कडवी. मीच उतरवताना एक गाळलं होतं आणि इतकी वर्षं मला पत्ताही नव्हता. त्या रात्रीपासून एक भीती मनात बसली... आज कडवं गेलं, उद्या नातीचं नाव गेलं तर?

अश्विनीला सांगितलं. ती तेव्हा तिच्या कंपनीच्या कुठल्याशा परीक्षेचा अभ्यास करत होती, मोबाइलवरच्या कार्डांवर. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. आठवलं तर ते कार्ड चार दिवसांनी येतं, मग दहा दिवसांनी, मग महिन्याने. नाही आठवलं, तर उद्या पुन्हा हजर. “बाबा, तुमच्या विकीची अशी कार्डं करा. नुसतं साठवून राहत नाही, आठवावं लागतं,” ती म्हणाली.

मी उत्साहाने एकेक अख्खं पान एकेका कार्डावर चिकटवलं. प्रश्न काय, तर ‘टूलरूम’. उत्तर दोन हजार शब्दांचं... ते कोणाला आठवणार? मग अश्विनीने शिकवलं, एका कार्डावर एकच गोष्ट. एका पानाची वीस-वीस कार्डं झाली.

पुढची चूक मात्र अस्सल माझी. मी तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. मापाचा गेज बसला तर पास, नाही तर रिजेक्ट, मधलं काही आम्हाला ठाऊकच नाही. उत्तराखाली चार बटणं असतात, पण मी दोनच वापरायचो, ‘बरोबर’ आणि ‘पुन्हा’. एक शब्द इकडचा तिकडे झाला की रिजेक्ट.

पंधरा दिवसांत अशी वेळ आली की सकाळी एकशे चौऱ्याण्णव कार्डं माझी वाट बघत उभी. चहा गार, अंघोळ लांबलेली... अश्विनीने मागून डोकावून पाहिलं आणि हसत सुटली.

“बाबा, तुमच्या कंपनीत रिवर्क नव्हतं का हो?”

“होतं की. थोडं चुकलेलं दुरुस्त करून घ्यायचो.”

“मग ते ‘कठीण’ बटण त्याच्यासाठीच आहे. सगळाच माल भंगारात काय टाकताय?”

त्या दिवसापासून ढीग उतरला. आता टूलरूममधल्या माणसांची नावं तोंडावर येतात, नातेवाइकांचे वाढदिवस चुकत नाहीत. कविता तर मी गॅलरीत मोठ्यानेच म्हणतो.

आणि गंमत बघा... शनिवारच्या सकाळच्या शाळेत गुरुजी हेच करायचे. कालची कविता, मग मागच्या आठवड्यातली, मग एकदम दिवाळीआधीची. आम्ही विसरायच्या बेतात असू, नेमकं तेव्हाच विचारायचे. त्यांच्याकडे ना मोबाइल ना काही... कोणत्या पोराची कविता कधी निसटते, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं.

राहता राहिलं ते कोरं कार्ड. प्रश्न, ‘कुंभार, तिसरं कडवं?’ आणि मागची बाजू रिकामी. अश्विनी म्हणते, ज्याला उत्तरच नाही ते कार्ड डिलीट करा ना बाबा. माझा हात होत नाही. रोज ते येतं, रोज मी इमानाने ‘पुन्हा’ दाबतो. न मोजता पास करायची सवय नाही मला.

परवाही तेच केलं. माती झाली, चाक झालं, मग जरा थांबून कपावर ठेका धरला, मग बाजार म्हणून टाकला. ऊन छान कोवळं होतं. म्हटलं, एक कडवं नाही मिळालं तरी काय बिघडलं, त्याच्या निमित्ताने बाकी सगळं तर परत आलं...

तेवढ्यात बेल वाजली. अश्विनी ऑफिसला गेलेली, दूध येऊन गेलेलं, या वेळी येणार कोण?

दारात माझ्याच वयाच्या एक बाई, नऊवारीतल्या, एक हात भिंतीला टेकवून दम खात उभ्या. कधी पाहिल्याचं आठवत नव्हतं.

“मी खालच्या मजल्यावरची. चऱ्होलीची हाय, लेकाकडं आलीय म्हैनाभर झाला. ती कविता म्हनतात ते तुमीच न्हवं?”

मी मान हलवली.

“चौथीच्या बुकातली ती. चौथीतनंच शाळा सुटली माजी, पर अजून पाठ हाय.” पदराने कपाळ टिपत त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “रोज ऐकते अन् जिवाला घोर लागतो बगा. मधलं भट्टीचं कडवं गाळून, कच्चंच मडकं बाजारात नेता व्हय, भाऊ?”