कोपरझोप, एक्केचाळीस ठिकाणी

प्रकाशनसंस्थेत तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. बावीस वर्षं ती दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासत आली होती, आणि चुकलेली वेलांटी तिला पान उलटायच्या आधीच टोचायची. तिनेही एक कादंबरी लिहिलीय हे कळल्यावर मालक हसले होते. "चला, हे तरी पुस्तक तपासावं लागणार नाही!"

वाचल्यावर मात्र त्यांनी सुरुवातीची तीस पानं काढायला सांगितली. आठवडाभर ती त्यांच्याशी धड बोलली नाही. मग पानं काढली. मालकांचं बरोबर होतं. त्या तीस पानांत ती नुसता घसा साफ करत होती. नंतर तिने सबंध कादंबरी आणखी दोनदा लिहिली. एकही चूक नसलेलं वाक्य निर्जीव असू शकतं, हे तिला तिच्याच वाक्यांनी शिकवलं.

कादंबरी आईवर होती. आई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. मधेच गरम चादरींच्या ढिगावर कोपर टेकवून ती डोळे मिटायची. त्याला तिचा स्वतःचा शब्द होता, कोपरझोप. कादंबरीचं नावही तेच.

मंगळवारी शेवटची मुद्रितं टेबलावर आली. तिसऱ्याच पानावर ती अडखळली. 'आई डुलकीडीच्या दारात उभी होती.' खाली, 'बाळ डुलकीलेलं होतं.'

पानं घेऊन ती तडक अक्षरजुळणी करणाऱ्या दादांकडे गेली.

"दादा, ही कसली भाषा?"

"मला काय विचारता, ताई? मालक म्हणाले, त्या झोपेची डुलकी करा. मी एका फटक्यात सगळीकडे केली."

"अहो, झोपडीचीसुद्धा?"

"कॉम्प्युटरला काय कळतंय! नावही बदललंय बघा. कोपरडुलकी."

हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हसू ओसरलं, आणि ती मालकांच्या खोलीत शिरली.

"साहेब, पुस्तकात एक्केचाळीस ठिकाणी माझा शब्द होता. सगळीकडून गेलाय."

"तो शब्दकोशात नाही, बाई. जन्मभर तुम्हीच लेखकांना हे ऐकवत आलात ना?"

घाव वर्मी बसला. कितीजणांचे असे शब्द तिने लाल शाईने खोडले होते. तेही कुणाच्या तरी आईचे असतील.

"ऐकवलं. चुकलं माझं."

"पण डुलकीत वाईट काय आहे?"

"डुलकी नकळत लागते. कोपरझोप ठरवून घ्यायची असते, एक कान इस्त्रीच्या मशीनकडे ठेवून. आईला डुलकी लागली असती तर चादर जळाली असती, आणि नोकरी गेली असती."

मालकांनी चष्मा काढून पुसला. "दुकानदार विचारतील, हे काय, औषधाचं नाव?"

"सांगा त्यांना, आत लिहिलंय."

"थट्टा पुरे. डुलकी, नाहीतर पुस्तक नाही."

सात वर्षं लागली होती या पानांना. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"तीस पानं काढली, कारण पुस्तक सुधारत होतं. याने ते नुसतं गुळगुळीत होईल. नका छापू."

"दुसरीकडेही हेच सांगतील."

"मग तिसरीकडे जाईन."

"आणि इथली नोकरी?"

"ती करणारच. तुमच्या लेखकांच्या वेलांट्या कोण बघणार?"

बाहेर दादा दाराला कान लावल्यासारखे उभे होते. तिला पाहून उगाच कागद चाळू लागले.

"दादा, माझ्या मूळ फाइलच्या दोन प्रती काढा."

"दोन कशाला, ताई?"

"एक दुसरीकडे, एक तिसरीकडे. एकेकाच्या उत्तराची वाट बघत बसायला मला सवड नाही."