झाकणावरचा गणपती

ऑटोमॅटिक गाडी मी गुडघ्यासाठी घेतली आणि लावायला लागलो शेजारच्या काकांच्या फाटकाला आडवी. साताऱ्यातल्या आमच्या बोळात दुसरी जागाच नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. जागा होती, कोपऱ्यावर. तिथून चालत यायचा मला कंटाळा. काका मिलिटरीतून निवृत्त झालेले. त्यांची गाडी आत उभी असायची, महिनामहिना हलायची नाही. "लाव रं, आमाला कुठं जायचंय?" म्हणायचे.

त्या सकाळी त्यांना जायचं होतं. छातीत कळ आली, घामानं बनियन भिजलं. ॲम्ब्युलन्सला अर्धा तास लागणार होता. नशिबानं त्यांचा जावई आलेला होता. त्यानं काकांना त्यांच्याच गाडीत मागं निजवलं, त्यांच्या बायको, आमच्या मावशी, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि तो मला हाका मारायला लागला.

मी धावत जाऊन किल्ली फिरवली. बॅटरी पार उतरली होती. ब्रेक दाबून गिअर ओढला, तर तो पार्कमधून तसूभर हलेना. चौघांनी ढकलूनही चाकं फिरेनात. सांगलीच्या ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "बॅटरी गेली की गिअर पार्कातच अडकतो. गिअरच्या बाजूला बारकं झाकण हाय बघा. ते उचकटा, आत स्क्रू-ड्रायव्हर दाबून धरा आन् गिअर न्यूट्रलला ओढा. मिनिटाचं काम हाय."

त्या झाकणावर गणपती बसला होता. अंगठ्याएवढा, संगमरवरी. गाडीच्या पूजेला पलूसहून आलेल्या आईनं तो सुतारकामाच्या डिंकानं पक्का चिकटवला होता. पुढं काचेपाशी नको, देवाला ऊन लागतं, म्हणून तिथं.

मी देव न मानणारा माणूस. चारचौघांत आईची चेष्टा करणारा. आणि माझाच हात थांबला. मूर्ती अख्खी निघावी म्हणून मी नखानं कडा उकरत बसलो. मग स्टीलची पट्टी घातली. जावई टपावर बुक्के मारत होता. फाटकाआडून मावशींचं ऐकू येत होतं, "आवं, डोळं उघडा की! माझ्याकडं बघा!" तरी मी जपूनच उकरत होतो. मावशी बोलायच्या थांबल्या, तेव्हा मी घाबरलो आणि स्क्रू-ड्रायव्हर मारला. मूर्ती फुटली, झाकण उडालं, गिअर निघाला. खरंच मिनिटाचं काम होतं.

दवाखान्यात डॉक्टर जावयाला बाजूला घेऊन बोलले. काका वाटेतच गेले होते. थोडं आधी आणलं असतं तर, हे मी कुणालाच विचारलं नाही. मला त्याची भीती वाटते, अजूनही.

तेराव्याच्या जेवणाला मावशींनी मला आग्रहानं पहिल्या पंगतीला बसवलं. पाहुण्यांना सांगत होत्या, "ह्यानं लय धडपड केली वो. गाडीच बंद पडली, त्याला त्यो तरी काय करणार?" पाहुण्यांनी माना हलवल्या. मावशींनी मला आणखी एक लाडू वाढायला लावला आणि मी तो खाल्ला.