गर्दीतला पळता तारा

खगोलशास्त्र विभागात तिला सगळे ताई म्हणत, प्रमुखसुद्धा. ताईचं काम सांगायला सोपं, करायला जिवावरचं. लाखो ताऱ्यांचा गच्च गोल गुच्छ असतो, त्याच्या ऐन मध्यात कोण किती सरकला ते मोजायचं. काही वर्षांच्या अंतराने काढलेले फोटो पडद्यावर एकावर एक ठेवायचे आणि डोळे फुटेस्तोवर बघत बसायचं. बाई हट्टी, म्हणून टिकली.

तिथे एक तारा तिला बाकीच्यांपेक्षा भलत्याच वेगाने पळताना सापडला. म्हणजे जवळ त्याला ओढणारं, न दिसणारं कृष्णविवर असणार. हुरळली मेंढी, दुसरं काय! पण तिचंही बरोबरच होतं. या शोधावर विभागातल्या कायम नोकरीसाठी तिची निवड होणार होती. नाही झाली, तर परगावी जावं लागणार. आणि आई? गुडघ्यांनी जेरीस आलेली म्हातारी, हे घर सोडायचं नाव काढलं की तोंड फिरवायची.

मग माशी शिंकली. नव्या, जास्त स्पष्ट फोटोत त्या जागी दोन तारे निघाले, अगदी खेटून. एकाचा उजेड कमीजास्त व्हायचा. तो उजळला की दोघांच्या मिळून दिसणाऱ्या ठिपक्याचा मध्य त्याच्याकडे कलायचा आणि ताईला वाटायचं, तारा सरकला. पळत कोणीच नव्हतं. असली चूक करायलासुद्धा आधी अशा गर्दीत जन्म घालवावा लागतो.

"ताई, निवड होईपर्यंत थांबा," प्रमुख म्हणाले. "मग सांगा की सावकाश." माणूस वाईट नव्हता, काळजीनेच बोलला. ताईने त्याच दुपारी सगळ्यांना कळवून टाकलं. महिन्याभरात नोकरी दुसऱ्याला गेली.

आईला सांगणं मात्र बाकी होतं. आई मटार सोलत होती.

"आई, तारा पळत नव्हता. माझं चुकलं."

"कोणी पकडलं?"

"मीच."

"आणि नोकरी?"

"गेली. परगावी एक आहे. पण मी नाही म्हणून कळवणार आहे."

म्हातारीने टरफलं गोळा केली.

"काही कळवू नकोस. तिकडे तळमजल्याचं घर बघ. जिने मला झेपत नाहीत."