नखाएवढं ठिगळ

गेली दोन वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग माणसांचा आणि अर्धा विमानाचा आहे. माणसांनी विमानाच्या हद्दीत रस्सा सांडला की मी जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही. विमान दीड फुटाचं आहे, खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढं. त्रिकोणी पंख, नाकात टोकदार शंकू; हल्लीच हवाई दलातून निवृत्त झालेलं जेट. नाव मी लिहीत नाही. सासऱ्यांची सवय मलाही लागली म्हणा.

सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. त्यांची सगळी नोकरी विमानाच्या कारखान्यात पत्राकामात गेली. हीच विमानं, खरीखुरी, त्यांच्या हाताखालून गेली. पण घरी त्यांनी त्यातलं एक अक्षर काढलं नाही. "गेटच्या आतलं गेटच्या आत," एवढं बोलून विषय बंद. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "यांनी तिकडे विमानं केली का इडल्या, देवाला ठाऊक."

एकाच प्रसंगी त्यांची शिस्त ढळायची. विमान कोसळल्याची बातमी आली की ते आधी विचारायचे, "पायलट वाचला का?" मग थोड्या वेळाने, कुणाकडे न बघता, "नंबर दिलाय का विमानाचा?" नंबर बातमीत कधीच नसायचा. मग ते उठून बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत, सकाळी घातलेलं असलं तरी. आता निवृत्तीला इतकी वर्षं झाली तरी तेच. मला वाटायचं, माणूस हळवा आहे, दुसरं काय.

मी दातांची कामं करते. डॉक्टर नाही, डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात आणि मी लॅबमध्ये कॅप आणि कवळ्या बनवते. त्यामुळे बारीक कानस, मेण, डोळ्याला लावायचं भिंग हे सगळं घरचंच. मॉडेलचं किट आणलं तेव्हा वाटलं, चिकटवायचं आणि रंगवायचं, महिन्याभराचं काम. पण पुढच्या चाकाची खोबण उघडून पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. एवढं महागाचं किट आणि खोबणीत नुसता सपाट तळ! फोटोंत बघावं तर खऱ्या विमानात तिथे नळ्यांचं, तारांचं, पट्ट्यांचं जंगल. मी तो तळ कापून टाकला. तांब्याच्या तारेच्या नळ्या केल्या, प्लॅस्टिकच्या पत्र्याच्या कडा केल्या, इंजेक्शनच्या सुईतून नाकावरचा लांब दांडा केला. एकेक नळी वाकवताना मला अक्षरशः भरून यायचं. जी खोबण विमान हवेत गेल्यावर झाकली जाणार, जी कुणाला दिसणार नाही, तिच्यात कुणीतरी नळी वाकवून, क्लिप लावून, पुन्हा ओढून बघितली होती. आणि ते कुणीतरी आमच्याच घरात, पलीकडच्या खोलीत, पेपर वाचत बसलं होतं.

मला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती. त्यांनी एकदा टेबलापाशी यावं आणि म्हणावं, बरोबर आहे. मी मुद्दाम विचारायची, "बाबा, ही नळी डावीकडून जाते का हो?" ते म्हणायचे, "चहा झाला का?" माझा संताप व्हायचा. जे विमान आता कॉलेजच्या आवारात उभं आहे, पोरं ज्याच्याखाली उभी राहून सेल्फी काढतात, त्यात कसलं आलंय गुपित?

तर तेच कॉलेजातलं विमान. चांदवडच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत. एका रविवारी सकाळी मी तिथे स्कूटरवर गेले. बाबांना चला म्हटलं होतं. "उभं विमान काय बघायचं?" म्हणाले, आणि पेपर डोळ्यांसमोर धरला. विमान तीन लोखंडी पायांवर उभं होतं, पोट माझ्या डोक्याच्या उंचीवर. राखाडी रंग नवा फासलेला, जुना नंबर पुसलेला, शेपटीवर कॉलेजच्या स्थापनेचं साल. मी टेप काढला, फोटो काढले आणि पोटाच्या पत्र्यावर कागद धरून पेन्सिल घासली. लहानपणी आपण नाण्याचा छाप घ्यायचो ना, तसा रिव्हेटांचा, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांचा छाप. वॉचमन खुर्ची सोडून आला.

"ओ ताई, काय मापं घेऊन राहिल्या? इकायचंय का काय इमान?"

"तुम्ही किती देणार?" मी म्हटलं. तो हसला आणि माझा कागद धरायला लागला.

त्या छापात एक गोष्ट सापडली. डाव्या पंखाच्या मुळाशी, पोटाखाली, वहीच्या पानाएवढा एक वेगळा पत्रा, कोपरे गोल, कडेने रिव्हेटांची ओळ. आणि एका कोपऱ्यात एक रिव्हेट ओळ सोडून आत सरकलेलं. माझ्या किटमध्ये याचा पत्ताच नव्हता. मला काय आनंद झाला! किट बनवणाऱ्यांना मी कडक शब्दांत ईमेल पाठवली, की तुम्ही एक अख्खा पत्रा विसरला आहात. मॉडेल करणाऱ्यांच्या ग्रुपवरही मिरवून घेतलं. मग मी तो पत्रा बनवला. मॉडेलच्या मापात तो नखाएवढा झाला. भिंग लावून, सुईने एकेक रिव्हेट टोचलं, आणि ते चुकार रिव्हेटही तसंच आत सरकवून. त्याला तीन रविवार गेले.

तिसऱ्या रविवारी विमान टेबलावर उलटं होतं आणि मी फोनवर बाहेरगावी गेलेल्या नवऱ्याला माझी थोरवी ऐकवत होते. "कंपनीला जमलं नाही ते मी शोधून काढलं. पोटाखालचा पत्रा! एक रिव्हेट आत आहे, तेसुद्धा केलंय मी." फोन ठेवला आणि मागे वळले, तर बाबा उभे होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं. मग बोटातली अंगठी फिरवून फिरवून काढली आणि दोन्ही फ्रीजवर ठेवलं. मला काही कळेना. नंतर कळलं, विमानाच्या पत्र्याला हात लावण्याआधी कारखान्यात त्यांच्या शॉपमध्ये प्रत्येकजण हे करायचा, पत्र्याला ओरखडा नको म्हणून. माझ्या दीड फुटी प्लॅस्टिकसाठी त्यांनी ते केलं. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

"भिंग दे," ते म्हणाले.

बराच वेळ बघत होते. मग करंगळी त्या पत्र्यावर ठेवली, अगदी हलकी.

"हे चुकलंय."

माझं तोंडच पडलं. "बाबा, मी स्वतः छाप घेतलाय!"

"छाप बरोबर असेल. पण हे विमानाचं नाहीये. कुठल्याच विमानाला नसतं." ते खुर्चीत बसले. "हे ठिगळ आहे. माझं."

आणि मग त्यांनी सांगितलं. नोकरीची पहिली वर्षं. छिद्र पाडताना त्यांच्या हातातलं ड्रिल घसरलं आणि पत्रा चिरला. शेजारचा म्हणाला, पुट्टी भर, रंग बसला की कुणाला कळतंय. बाबा सरळ काम तपासणाऱ्या इन्स्पेक्टरपुढे जाऊन उभे राहिले. चिरलेला भाग कापून ठिगळ लावायचं ठरलं, ते त्यांनीच लावलं. आत सांगाड्याची फ्रेम आडवी येत होती म्हणून एक रिव्हेट सरकवावं लागलं. सगळं तपासलं गेलं, सह्या झाल्या, विमान उडून गेलं. नंबर तेवढा त्यांच्या लक्षात राहिला. मग ते कुठे गेलं, कोण उडवतंय, काही समजायला मार्ग राहिला नाही.

"काम पक्कं होतं," ते म्हणाले. "तरी प्रत्येक वेळी वाटायचं, आज पडलं ते माझंच असलं तर?"

कुंड्यांना घातलेलं ते सगळं पाणी माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी या माणसाला हळवा म्हणत होते! इतकी वर्षं एकाच घरात राहून मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

"हा छाप कुठला?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

"चांदवडचा, बाबा. कॉलेजात उभं आहे ते. धडधाकट आहे."

"म्हणजे शेवटपर्यंत उडलं," ते म्हणाले. "आणि उतरलं." आणि माझ्यासमोर, सुनेसमोर, ते रडले.

किटवाल्यांना मी माफीची ईमेल पाठवली. ग्रुपवर व्हायचं तेवढं हसं झालं. ठिगळ मात्र मी काढलं नाही. बाबांनी काढू दिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही रिक्षा ठरवून चांदवडच्या वाटेला लागलो. पुढे कांद्याचे ट्रॅक्टर होते, रिक्षा रखडत होती, आणि बाबा गुडघ्यावर बोटं वाजवत होते. विमानाखाली पोहोचल्यावर त्यांना जागा शोधावी लागली नाही. चार पावलं टाकली, घड्याळ आणि अंगठी काढून माझ्या हातात दिली, तळहात शर्टाला पुसला आणि वर करून त्या पत्र्यावर टेकवला.

तोच वॉचमन आला. मला ओळखून हसला. "काय ताई, आज बाबांना आणलं? काय बघून राहिले ते?"

मी काही बोलणार, तेवढ्यात बाबाच बोलले. "हा पत्रा मी लावलाय."

"तुम्ही? खरं सांगता?"

"खरं. ड्रिल घसरलं होतं माझं." आणि ते सांगत सुटले. ड्रिल, चीर, इन्स्पेक्टर, आतली फ्रेम, सरकवलेलं रिव्हेट. सासूबाईंना कधी सांगितलं नाही ते सगळं, एका अनोळखी माणसाला, गेटच्या बाहेर. वॉचमन खुर्ची आणायला धावला, पण बाबा बसेनात. बसायचं तर पत्र्यावरचा हात काढावा लागला असता.